अष्टक पूर्ण झालं, पण का?

अकरावीच्या रसायनशास्त्रात दोन धडे असे आहेत की ते पक्के झाले तर पुढची दोन वर्षं सुखाची जातात, आणि कच्चे राहिले तर मुलं सेंद्रिय रसायनापर्यंत पाठांतरावर दिवस ढकलतात. एक इलेक्ट्रॉन संरूपणाचा, दुसरा रासायनिक बंधांचा. तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात हे दोन धडे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. समोर बसलेल्या मुलांना दहावीतलं ‘दोन, आठ, आठ, एक’ तोंडपाठ असतं. संरूपण लिहिता येतं, ठिपके-फुल्या मांडून बंधही काढता येतात. अडतं ते ‘का?’ विचारल्यावर. ‘मॅडम, अणूला अष्टक पूर्ण करायचं असतं म्हणून,’ हे एकच उत्तर वर्गाच्या चारी कोपऱ्यांतून येतं.

अणूला काही करायचं नसतं. केंद्रकावर धनप्रभार आहे, इलेक्ट्रॉनांवर ऋणप्रभार आहे. त्यांची एकमेकांना ओढ आहे, इलेक्ट्रॉनांचं आपसात प्रतिकर्षण आहे, आणि या सगळ्याचा शेवटी ऊर्जेत हिशेब होतो. अष्टक ही त्या हिशेबाची खूण आहे, कारण नव्हे. हे मुलांच्या गळी उतरवताना जे हाती लागलं ते नव्या शिक्षकांसाठी आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

१. संरूपण लिहायला शिकवण्याआधी ज्योत दाखवावी

भात उतू जातो, मिठाचं पाणी शेगडीवर सांडतं आणि निळी ज्योत क्षणभर भगभगीत पिवळी होते. हे प्रत्येक मुलाने घरी पाहिलेलं असतं. हा रंग सोडियमचा. सोडियमचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन एरवी ३एस मध्ये असतो. ज्योतीच्या उष्णतेने तो ३पी मध्ये जातो आणि परत खाली येताना ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश देतो. मीठ समुद्राचं असो की सैंधव, सोडियम आलं की हाच पिवळा. इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा घेता आली असती तर असा एक ठरलेला रंग मिळाला नसता, सगळे रंग एकमेकांत मिसळून गेले असते. ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत म्हणून रंग ठरलेला आहे. १९१३ साली नील्स बोर यांनी हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषांचा उलगडा केला तो याच कल्पनेवर.

प्रयोगशाळेत हा प्रयोग जर्नल भरण्यापुरता उरकू नये. खिडक्या लावून घ्याव्यात. नायक्रोमची तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा धरायची, ज्योतीला कुठलाच रंग येईनासा होईपर्यंत. मग वॉच ग्लासमधला क्षार तारेवर घ्यायचा. स्ट्रॉन्शियमचा किरमिजी आणि तांब्याचा हिरवट निळा दिसला की वर्गातली कुजबुज थांबते. पोटॅशियमचा फिकट जांभळा मात्र लवकर सापडत नाही, कारण बोटांच्या घामातलं सोडियमसुद्धा पिवळा रंग घेऊन मध्ये येतं. तिथे कोबाल्टची निळी काच डोळ्यांपुढे धरायची. काच पिवळा अडवते, जांभळा सोडते. एवढं पाहिलेल्या मुलाने वहीत ‘३एस१’ लिहिलं की त्या अक्षरांमागे त्याला काहीतरी दिसत असतं.

२. बाणांच्या तक्त्यापेक्षा आवर्तसारणी बरी

तिरप्या बाणांचा तक्ता सगळ्या गाइडांत असतो. मुलं तो परीक्षेत कोपऱ्यात काढतात आणि एखादा बाण चुकला की सगळं संरूपण चुकतं. त्यापेक्षा आवर्तसारणी वाचायला शिकवावी. डावीकडे दोन घरं रुंद एस-खंड, उजवीकडे सहा घरं पी-खंड, मध्ये दहा घरं डी-खंड, खाली चौदा घरं एफ-खंड. ब्रोमीन हवंय? चौथ्या ओळीत पोटॅशियम-कॅल्शियमची दोन घरं म्हणजे ४एस२, स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा म्हणजे ३डी१०, पुढे गॅलियमपासून मोजत ब्रोमीनपर्यंत पाच म्हणजे ४पी५. मागे अरगॉन. झालं.

३. शेवटी आला तो आधी गेला, असं नसतं

हुशार मुलगी हमखास विचारते की तिसऱ्या कक्षेत अठरा मावतात, तर पोटॅशियम दोन, आठ, नऊ का नाही? हा प्रश्न ‘पुढे बारावीत बघू’ म्हणून टाळू नये. या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

४एस इलेक्ट्रॉनचा वावर बहुतांश बाहेर असला तरी त्याचा थोडा भाग पार केंद्रकाजवळ पोहोचतो. तिथे त्याला केंद्रकाची ओढ जवळजवळ उघडी जाणवते. ३डी इलेक्ट्रॉनला आत तेवढा शिरकाव नाही. पोटॅशियममध्ये आतले अठरा इलेक्ट्रॉन त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये आड येतात. म्हणून पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एस खाली, ३डी वर. पण केंद्रकावरचा प्रभार वाढत जातो तसा ३डी आत खेचला जातो, आणि स्कँडियमपासून तो ४एसच्या खाली गेलेला असतो. मग सगळे इलेक्ट्रॉन ३डी मध्येच का जात नाहीत? कारण ३डी आटोपशीर आहे, तिथे दाटी केली की प्रतिकर्षण फार वाढतं. दोन इलेक्ट्रॉन ऐसपैस ४एस मध्ये ठेवणं एकूण हिशेबात स्वस्त पडतं.

पुरावा इलेक्ट्रॉन काढून पाहिला की मिळतो. स्कँडियमचा एक काढला तर उरतं ३डी१ ४एस१, दोन काढले तर ३डी१. म्हणजे जातो तो ४एस. लोखंडाचंही तेच. २६ क्रमांकाचा अणू ३डी६ ४एस२, फेरस आयन ३डी६, फेरिक आयन ३डी५. तरी दर वर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत फेरस आयन ३डी४ ४एस२ असा लिहिलेला सापडतो, कारण ‘शेवटी भरला तो आधी काढला’ ही सवय. मी हिराकसचे खडे वर्गात नेते. ताजा खडा फिकट हिरवा असतो. हवेला उघडा राहिला की त्याच्यावर पिवळसर तपकिरी पूड धरते. हिरवं ते फेरस, तपकिरी झालं ते फेरिक, आणि या दोन रंगांमध्ये ३डी मधला एक इलेक्ट्रॉन गेलेला आहे. खडा हातोहात फिरला की ३डी६ आणि ३डी५ यांतला फरक फळ्यावर वेगळा समजावावा लागत नाही.

४. क्रोमियम आणि तांब्याचं उत्तर परीक्षेपुरतं आहे, हे मुलांना सांगावं

‘अर्धे भरलेले आणि पूर्ण भरलेले ऑर्बिटल अधिक स्थिर’ हे लिहून मार्क मिळतात, ते मिळवावेत. पण त्याच गटात क्रोमियमच्या खाली एक घर सोडून टंगस्टन आहे, आणि त्याचं संरूपण ५डी४ ६एस२ असं निमूट नेहमीच्या चालीवर आहे. पॅलेडियमने तर ५एस पूर्ण रिकामा ठेवून ४डी१० केलेलं आहे. इथे एस आणि डी यांच्या ऊर्जा इतक्या जवळ आहेत की बारीकसारीक फरकांची बेरीज निकाल देते. एका वाक्यात बसणारं कारण नाही, हे मुलांना कळलेलं बरं.

५. हुंडचा नियम रेणूपर्यंत न्यावा

रिकाम्या एसटीत चढलेली माणसं आधी एकेका बाकावर एकेकटी बसतात, गर्दी झाल्यावरच शेजारी सरकून जागा देतात. हा दाखला सगळेच शिक्षक देतात, मीही देते. पण तिथे थांबलं तर इलेक्ट्रॉनलाही खिडकी आवडते असा समज राहतो. म्हणून लगेच सांगावं की एकाच ऑर्बिटलमध्ये दोघे कोंबले की प्रतिकर्षण वाढतं, आणि समान ऊर्जेच्या वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये समांतर स्पिनने राहिले की एकूण ऊर्जा कमी होते.

मग ऑक्सिजन घ्यावा. ठिपक्यांच्या चित्रात ऑक्सिजनच्या रेणूत दुहेरी बंध आहे, सगळे इलेक्ट्रॉन जोडीत आहेत, अष्टक दोघांचंही पूर्ण. चित्रात खोट काढायला जागा नाही. आणि उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रव झालेला फिकट निळा ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मध्ये ओतला तर तो तिथे अडकून राहतो! द्रव नायट्रोजन सरळ खाली ओघळतो. आमच्याकडे द्रव ऑक्सिजन कुठला, व्हिडिओ दाखवते, पण मुलं तो पुन्हा लावायला सांगतात. रेणूच्या ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉन भरत गेलं की शेवटचे दोन समान ऊर्जेच्या दोन प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये येतात आणि हुंडच्या नियमाने एकेकटे राहतात. एकटा इलेक्ट्रॉन आला की चुंबकत्व आलं. अणूसाठी शिकलेला नियम रेणूत जसाच्या तसा कामाला आला, हे मुलांनी स्वतः पाहावं.

६. सोडियम इलेक्ट्रॉन ‘देत’ नाही, तो काढावा लागतो

या धड्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवते, कारण आठवीपासून मनात घट्ट बसलेलं एक चित्र इथे हलवायचं असतं. सोडियम उदार, क्लोरीन गरजू, एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, दोघांचं अष्टक झालं आणि मीठ तयार. फळ्यावर आकडे मांडले की हे चित्र टिकत नाही.

एक मोल हिशेब धरू. घन सोडियमचे सुटे अणू करायला १०७ किलोज्यूल. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडून एक मोल क्लोरीन अणू मिळवायला १२१. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ४९६. खर्च झाला ७२४. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्यावर परत मिळाले ३४९. म्हणजे दोघांची अष्टकं पूर्ण झाली, तरी आपण ३७५ किलोज्यूल तोट्यात! इथे मी खडू ठेवते आणि वर्गाला विचारते, मग मीठ बनतं कसं? बराच वेळ उत्तर येत नाही. जाऊ द्यावा तेवढा वेळ.

तोटा भरून निघतो तो नंतर. वायुरूप सोडियम आणि क्लोराइड आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, हीच जालक ऊर्जा. त्यातून ३७५ वजा केले की उरतात ४१२, आणि प्रत्यक्ष मोजलेली किंमत ४११ आहे. शिल्लक अशी जुळली की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी हा तास घ्यावा. मीठ बनतं ते एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीने नव्हे, कोट्यवधी आयनांच्या परस्परांच्या ओढीने.

त्याच तासाला काळ्या कागदावर चिमूटभर बारीक मीठ पसरून भिंग द्यावं. कण चौकोनी दिसतात, कडा काटकोनात. प्रत्येक सोडियम आयनभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, ही रचना तिन्ही दिशांना पसरत गेली की बाहेरूनही घनच दिसणार. यात ‘हा सोडियम त्या क्लोरीनचा’ अशी जोडी दाखवताच येत नाही. म्हणून ‘मिठाचा रेणू’ हे शब्द मी वहीत दिसले की खोडते.

आता अष्टक कुठे गेलं? ते याच हिशेबात आहे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात, दुसरा काढायला ४५६२. तो आतल्या कक्षेतला, केंद्रकाच्या जवळचा, घट्ट धरलेला. कुठल्याही स्फटिकाची जालक ऊर्जा सोडियमसाठी एवढी भरपाई करू शकत नाही, म्हणून सोडियम एकावर थांबतो. मॅग्नेशियमचे पहिले दोन ७३८ आणि १४५१ मध्ये निघतात, तिसऱ्याला ७७३३ मोजावे लागतात, म्हणून तो दोनवर थांबतो. उलट बाजूने ऑक्सिजन पाहा. पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऊर्जा बाहेर पडते, पण दुसरा त्याच्यावर लादायला ऊर्जा घालावी लागते, कारण ऋण आयनाकडे ऋण इलेक्ट्रॉन न्यायचा असतो. एकटा पडलेला ऑक्साइड आयन दुसरा इलेक्ट्रॉन सांभाळूच शकत नाही, तो टिकतो स्फटिकात, धन आयनांच्या वेढ्यात. ‘ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात’ या वाक्याचं मग काय उरतं, ते मुलांनाच ठरवू द्यावं.

७. बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही, लागते

हा गैरसमज मुळासकट काढणं सगळ्यात अवघड. जीवशास्त्राच्या तासाला मुलं ऐकतात की एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. गॅस, लाकूड, अन्न यांच्या ‘बंधांत ऊर्जा साठवलेली असते’ असंही ऐकतात. मग बंध म्हणजे ताणलेली स्प्रिंग असावी, तुटली की उसळणार, असं मनात पक्कं होतं.

उपाय पुन्हा हिशेबाचाच. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घ्या. हायड्रोजनचे दोन मोल बंध तोडायला दोन गुणिले ४३६, ऑक्सिजनचा बंध तोडायला ४९८. एकूण १३७० किलोज्यूल घातले, अजून हाती काही नाही. आता पाण्याच्या वाफेचे चार मोल ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तयार होतात, प्रत्येकी सुमारे ४६३, म्हणजे १८५२. जे ४८२ किलोज्यूल वर आले तीच ज्वाळा. ऊर्जा नव्या बंधांच्या घट्टपणातून आली, जुन्यांच्या तुटण्यातून नव्हे. एटीपीतही एक बंध तुटतो, पाण्याबरोबर नवे बंध जुळतात, नवे आयन पाण्यात स्थिरावतात, आणि या सगळ्याची वजाबाकी पेशीच्या उपयोगी पडते. शक्य असेल तिथे जीवशास्त्राच्या शिक्षकांशी बोलून दोघांनी एकच भाषा वापरावी. आमच्याकडे तसं ठरवल्यापासून या एका प्रश्नावरची मुलांची ओढाताण खूप कमी झाली.

हाच हिशेब नायट्रोजनलाही लावता येतो. त्याचा तिहेरी बंध तोडायला ९४५ किलोज्यूल लागतात. म्हणून हवेचे चार-पंचमांश भाग नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही आणि शेतकऱ्याला युरिया विकत आणावा लागतो. शेतकरी घरातली मुलं हा आकडा विसरत नाहीत.

८. सहसंयुज बंध दुबळा नसतो

‘सहसंयुज संयुगांचे द्रवणांक कमी, म्हणजे सहसंयुज बंध कमजोर’ हा निष्कर्ष मुलं आपसूक काढतात. एक प्रश्न पुरतो. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं? हायड्रोजन आणि ऑक्सिजन, असं उत्तर आलं तर तिथेच थांबून बोलावं. बुडबुड्यात पाण्याचेच रेणू असतात, सगळे बंध शाबूत. सुटली ती रेणू-रेणूंमधली पकड. हिऱ्यात असे सुटे रेणूच नाहीत, सगळा दगड सहसंयुज बंधांनी विणलेला, आणि त्याचा कठीणपणा जगजाहीर आहे.

९. अपवाद शेवटी नाही, सुरुवातीलाच

गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली अणू आणि रेणूवरच्या आपल्या लेखात इलेक्ट्रॉनांच्या सामाईक जोडीची कल्पना मांडली. आठाचं महत्त्व त्यांनी सांगितलंच, पण त्यांच्या लेखी जोडी आठपेक्षा मूलभूत होती. आठाचा उदोउदो पुढे इर्विंग लँगम्यूर यांनी केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत जोडी मागे राहिली आणि आठ पुढे आला, हे मला खटकतं. कारण बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन आहेत, सल्फर हेक्झाफ्लुओराइडमध्ये गंधकाभोवती ठिपक्यांच्या हिशेबाने बारा, आणि नायट्रिक ऑक्साइडमध्ये तर संयुजा इलेक्ट्रॉनच अकरा, म्हणजे एक बिनजोडीचाच. यातला एकही पदार्थ अडगळीतला नाही. सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायू विजेच्या उपकेंद्रांतल्या स्विचगियरमध्ये भरलेला असतो. नायट्रिक ऑक्साइड आपल्या रक्तवाहिन्या सैल करतं, आणि त्या शोधाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

गोष्ट सांगायची तर नील बार्टलेट यांची सांगावी. कॅनडात व्हँकूव्हरला काम करताना त्यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतो. त्यांनी आयनीभवन ऊर्जांचा तक्ता पाहिला. ऑक्सिजनच्या रेणूला लागते तेवढीच, सुमारे १२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, झेनॉनलाही लागते. झेनॉन म्हणजे अष्टक पूर्ण असलेला, कुणाशी संयोग न पावणारा म्हणून पुस्तकात नोंदलेला वायू. १९६२ साली त्यांनी झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडची वाफ एकत्र आणली आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. तोवर कितीतरी रसायनशास्त्रज्ञांनी अष्टक पूर्ण आहे म्हणून प्रयत्नच सोडलेला होता. बार्टलेट यांनी आकडा पाहिला. वर्गातल्या एका तरी मुलाला त्या तक्त्यापाशी रेंगाळावंसं वाटावं यासाठी ही गोष्ट मी सविस्तर सांगते.

१०. चित्र काढण्याआधी इलेक्ट्रॉन मोजावेत

लुईसचं चित्र अंदाजाने काढायला लागलं की गोंधळ होतो. आधी एकूण संयुजा इलेक्ट्रॉन मोजायचे, ऋण आयन असेल तर प्रभाराएवढे मिळवायचे, धन असेल तर वजा करायचे, मग एकेरी बंध, मग उरलेल्या जोड्या, आणि कमी पडलं तरच दुहेरी बंध. कार्बोनेट आयन चार अधिक अठरा अधिक दोन, चोवीस. ओझोन तीन गुणिले सहा, अठरा. ओझोनचं चित्र पूर्ण केलं की एका बाजूला एकेरी बंध, दुसऱ्या बाजूला दुहेरी बंध येतो. मुलांना ते बरोबर वाटतं. मग मोजमापं लिहावीत. ऑक्सिजन-ऑक्सिजन एकेरी बंध, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये असतो तसा, सुमारे १४८ पिकोमीटर. दुहेरी, ऑक्सिजनच्या रेणूतला, १२१. ओझोनमधले दोन्ही बंध १२८, अगदी सारखे. म्हणजे दोन्ही चित्रं काढायची, मध्ये दुतोंडी बाण घालायचा, आणि खाली लिहायचं की खरा रेणू या दोहोंपैकी एकही नाही, आणि या चित्रातून त्या चित्रात उड्याही मारत नाही. त्याचे इलेक्ट्रॉन तिन्ही अणूंवर पसरलेले आहेत.